पॅरिसवाले बुवा

आमच्या बुवांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ती आधी उलटी होते. चहा संपला की कप उलटा, मग बशी उलटी. कोणाकडे नवी शिलाई मशीन आली तर बुवा गुडघ्यावर बसून तिच्या पोटाखाली डोकं घालतात. बुडाला शिक्का काय आहे ते बघायचं आणि मगच वस्तूबद्दल मत द्यायचं, असा शिरस्ता.

एकदा मालवणजवळ वायरीला एका घरी मयताला गेलो होतो. गेलेला माणूस जुना भजनी. बाहेर तिरडी बांधणं चाललं होतं, बायकांची रडारड चालू होती, आणि बुवा कुठे दिसेनात. शोधत आतल्या खोलीत गेलो तर बुवांनी कोपऱ्यातल्या पेटीवरचं फडकं बाजूला केलं होतं, वरचं झाकण काढलं होतं आणि खिशातल्या बॅटरीनं आत बघत होते. मला बघून ते ओशाळले वगैरे नाहीत. "पालिताणा," एवढंच म्हणाले आणि झाकण लावलं. नंतर खांदाही दिला. पण अर्ध्या वाटेवर मान वळवून मला हळूच म्हणाले, "चाळीस वर्सां पॅरिस पॅरिस म्हणत होतो. गेलो बिचारो खोटा बोलान."

ज्यांचा पेटीशी संबंध नाही त्यांना हे कोडं वाटेल, म्हणून थोडं सांगतो. पेटी म्हणजे तिचं लाकूड नव्हे, लाकूड सुताराचं. पेटी म्हणजे आतले सूर. पितळेच्या जाड पट्टीत एक लांबट खाच, त्या खाचेवर एका टोकाला पक्की केलेली पितळेची पातळ जीभ. भात्याची हवा खाचेतून निघाली की जीभ थरथरते आणि बोटाखालचा स्वर बोलतो. आज आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात. त्यात वाईट काही नाही, उभं कोकण त्यांच्यावर भजनं करतं. पण जुन्या पेट्यांत पॅरिसचे आणि जर्मन सूर असायचे, आणि ज्याच्या कानाला एकदा ते लागले तो माणूस संसारातून थोडा उठतोच. मी झांजवाला माणूस, मला सूर कमी आणि धक्का जास्त कळतो. तरीही सांगतो, पालिताण्याचा सूर हाक मारतो आणि पॅरिसचा नारळाच्या पहिल्या जाड रसासारखा येतो. गोड असतो, पण गोड आहे म्हणून बोंबलत नाही.

बुवांना हे लागलं ते सातव्या-आठव्या वर्षी, जत्रेत. दशावतारात बाकीची पोरं राजाच्या मुकुटाकडे आणि राक्षसाच्या तोंडाकडे बघत, हे पायपेटीच्या बाजूला जाऊन बसत. पेटीवाल्यानं एकदा दया येऊन यांचा पाय पायट्यावर ठेवू दिला आणि म्हणाला, "झिला, पॅरिसचे सूर हत, सांबाळून." त्या वेळी पॅरिस म्हणजे कुडाळच्या पलीकडे कुठेतरी असणार, अशी बुवांची समजूत झाली. पुढे एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरी लागली, भूगोल सुधारला, पण पॅरिसचं अंतर त्यांच्या मनात फारसं वाढलं नाही.

आता बुवा साठीच्या पुढचे. अंगानं काटक, नाकावर चष्मा, गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात कायम ती बॅटरी. मंडळाचे बुवा तेच. म्हणजे गायचं त्यांनी, पेटी वाजवायची त्यांनी, आम्ही मागे कोरस. मी बँकेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालो, पण बुवा मला 'म्यानेजर' म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही.

गळा चांगला आहे त्यांचा. काळी दोनमध्ये अभंग धरला की देवळाच्या पायऱ्यांवर चप्पल काढणारा माणूस थबकतो. पण परशुराम पांचाळ, काशीराम परब या बुवांच्या बाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेला माणूस, त्याला 'चांगला' पुरत नाही. आणि जिथे आपण कमी पडलो तिथे कारण एकच, सूर. तान निसटली तर, "भितर जागाच नाय, तान फिरतली खंय?" आवाज बसला तर, "ह्या सुरांका रेटून रेटून माझी नरडी गेली." एकदा डबलबारीत आम्ही सपशेल आपटलो. डबलबारी म्हणजे दोन मंडळं, दोन बुवा, समोरासमोर; रात्र चढत जाते तसे अभंग, गवळण, गजर, आणि एकमेकांना चिमटे. समोरच्या पोरसवदा बुवानं गजरात आमच्या पेटीलाच चिमटा काढला, हिच्यातून सूर येतो की सर्दी, अशा अर्थाचा. लोक हसून लोळले. परतताना टेम्पोत आमची माना खाली घालून बसलेली मंडळी, आणि बुवा मात्र प्रसन्न. म्हणाले, "पोरग्याचो कान चांगलो हा. मी इतकी वर्सां ताच सांगतंय."

पेटीचा इतिहास बुवांकडून ऐकावा. अलेक्झांद्र देबँ नावाच्या माणसानं पॅरिसमध्ये १८४२ साली या वाद्याचं पेटंट घेतलं, ही गोष्ट त्यांना कुठल्याशा मासिकात मिळाली. त्यांच्या तोंडात देबँचा हळूहळू 'देबाग' झाला, आणि देवबागच्या दोन माणसांनी 'आमच्या गावचो कोण तो?' म्हणून चौकशी केली. पॅरिसची ती पायानं भाता हलवायची पेटी. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमाराला मागे हाताचा भाता बसवला, आणि मांडी घालून बसणाऱ्या देशाची सोय झाली. पुढे आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत. तिच्यात मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या रागांना जुळत नाहीत, असे आक्षेप होते. जाणकार यावर आजही तासभर वाद घालतात. बुवांनी निकाल एका वाक्यात लावला आहे: "तेंनी पालिताण्याची आयकल्यानी असतली."

खरी पॅरिस पेटी शोधण्यात बुवांची वीसेक वर्षं गेली. मिरजेला गेले, तिथे तंबोरे बघून हरखले, पण पेटी मिळाली नाही. मुंबईत एका दुकानदारानं 'खास तुमच्यासाठी' म्हणून आतल्या खोलीतून एक काढली. बुवांनी ती उलटी केली, बॅटरी मारली. शिक्का होता, पण पॅरिसच्या इंग्रजी स्पेलिंगात आर दोनदा होता. गोव्यातल्या बारदेशात एका जुन्या ख्रिस्तांव घरात मात्र अस्सल उभी पायपेटी निघाली. घरातली म्हातारी म्हणाली, आधी वाजवून दाखवा. बुवांनी खुर्चीवर बसून विठ्ठलाचा गजर वाजवला. म्हातारीनं डोळे पुसले, फेणी पाजली, आणि पेटी द्यायला साफ नकार दिला. "एवढी ग्वाड वाजता ती माका खंय ठावक होती?" म्हणाली. आपलं काम आपणच बिघडवून बुवा शेवटच्या एस.टी.नं परतले.

हा पंथ पेटीपुरताच आहे अशी माझी समजूत होती. पण आमच्या बँकेत एक सहकारी होता, मूळचा वेंगुर्ल्याचा, वाढलेला वांद्र्याला. त्याला जॅझचा नाद. त्याला हवी होती गिब्सन कंपनीची एक गिटार, १९४९ साली पहिल्यांदा निघालेल्या जातीची, पोटाला फुगीर, व्हायोलिनसारख्या भोकांची. नवी नको, जुनीच, कोणीतरी वाजवून वाजवून मुरवलेली. रोज दुपारी डबा खाताना तो अमेरिकेतल्या लोकांशी मोबाईलवर भाव करी. एकदा मी त्याची आणि बुवांची गाठ घालून दिली. बुवांना गिटार कशाशी खातात ठाऊक नाही, त्याला भजनाचं ओ का ठो कळत नाही. दोघं दोन तास बोलले. हा लाकडाबद्दल, ते पितळेबद्दल, आणि दोघंही दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "बरोबर, अगदी बरोबर." निघताना त्यानं बुवांना एक मंत्र दिला: "बुवा, जुनी वस्तू जिथं जन्मली तिथं कोणाला तिची किंमत नसते. तिथंच शोधा."

बुवांच्या डोक्यात बॅटरी पेटली.

मग माझा मोबाईल आणि मी, दोघं कामाला लागलो. आठवडाभरानं कळलं की फ्रान्समध्ये लहान पेट्यांची एक जात होती, तिचं नाव गीद-शाँ, म्हणजे गाण्याचा वाटाड्या. शाळेत पोरांना गाणं शिकवताना मास्तर ती वाजवत. पॅरिसच्या कासरिएल या कारखान्याच्या पेट्या त्यात नावाजलेल्या. पुढे शाळांतून त्या गेल्या आणि माळ्यावर, गॅरेजात, आजीच्या खोलीत धूळ खात पडल्या. आपल्याकडे ज्या नावासाठी माणसं मयताच्या घरी झाकणं उघडतात, ते नाव तिकडे 'जागा अडते, घेऊन जा' या भावात मिळतं. मी एक फोटो दाखवला. भाव दीडशे युरो, म्हणजे तेव्हाचे आपले साडेतेरा हजारांच्या आसपास. बुवा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्यानेजर, फोटो उलटो कर."

विकणारी बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मार्सेय बंदरापासून तासाभरावर गाव. पेटी तिच्याच शाळेतली. तिला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं, आम्हाला फ्रेंच सोडून बाकी थोडं थोडं येत होतं. बुवा मालवणीत सांगत, मी मराठीत लिहीत असे, मोबाईल त्याचं फ्रेंच करी. बुवांचा पहिला प्रश्न: "भातो फाटलोहा काय?" मी शुद्ध मराठीत लिहिलं, "भाता फाटला आहे का?" आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर सहज उलटं भाषांतर करून बघितलं. मोबाईलनं भात्याचा भात केला होता. बाईला आम्ही विचारलं होतं, "तांदूळ फाटला आहे का?"

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फार सभ्य उत्तर होतं. "महोदय, या वाद्यात तांदूळ कधीच ठेवलेला नव्हता. मात्र एका हिवाळ्यात उंदीर होता, हे मला कबूल केलं पाहिजे."

मी कपाळाला हात लावला. बुवा शांतपणे म्हणाले, "म्हंजे भातो फाटलो."

त्यांनी बुडाचा फोटो मागितला. बाईनं अठरा किलोचं ते धूड कोणाच्या तरी मदतीनं उलटं केलं, फोटो पाठवला. बुडाला शिक्का नव्हता, एक मांजर मात्र फोटोत आलं होतं. शिक्का समोर, पट्ट्यांच्या वरच होता, सरळ डोळ्यांसमोर. इतक्या सरळ जागी बुवा कधी बघतच नाहीत. मग भाव. बुवा म्हणाले, "एकशेवीस सांग. देवळातल्या भजनाक होयी म्हणान सांग." बाईचं उत्तर आलं, देवासमोर गाण्यासाठी असेल तर शंभर पुरेत, पण दोन अटी आहेत. एक, मी पाठवणार नाही, कोणीतरी येऊन घेऊन जावं. दोन, ती तिथे वाजेल त्याचं ध्वनिमुद्रण मला पाठवावं. आमच्या बुवांच्या आयुष्यात गिऱ्हाईकानं एकशेवीस म्हटल्यावर मालकानं शंभर सांगितल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांना आधी संशय आला. पेटीचा फोटो पुन्हा मागवला.

आणायला कोण जाणार, हा प्रश्न मालवणात पडत नाही. किनाऱ्यावर घरटी नाही तरी वाडीगणिक एक जण बोटीवर असतोच. बुवांचा भाचा पर्यटकांच्या मोठ्या बोटीवर स्वयंपाकघरात कामाला. त्याची बोट मार्सेयला लागायची. सुट्टीच्या दिवशी बिचारा गाडी बदलत बदलत त्या गावी गेला, बाईच्या हातचा केक खाल्ला, पेटी पाठीला बांधून बोटीवर आणली आणि आपल्या बंकाखाली सारली. ही गोष्ट नोव्हेंबरातली. त्याचा करार संपणार होता एप्रिलात.

म्हणजे पाचेक महिने बुवांची पेटी भूमध्य समुद्रात फिरत होती. बुवांनी बाजारातून जगाचा नकाशा आणून ओटीवर लावला. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस विचारी, "बुवानू, पेटी खंय?" बुवा टाचणीकडे बघून सांगत, "आज जिनोवा. परवा बार्सिलोना." पोरांनी कासरिएलचं 'कासरेल' केलं आणि ही कोकण रेल्वेचीच शाखा असल्यासारखी चौकशी सुरू झाली. "बुवानू, कासरेल लेट काय ओ?" "क्रॉसिंगाक थांबली असतली." बुवा हे सगळं निर्विकारपणे सोसत. वैनींनी, म्हणजे बुवांच्या बायकोनं, मात्र एकदा तोंड उघडलं. नकाशावर झाडू मारता मारता म्हणाल्या, "त्या पेटयेन जेवढा जग बघल्यान, तेवढा माका तुमी कुडाळसुद्धा दाखवक नाय."

डिसेंबरात भाच्यानं व्हिडिओ पाठवला. त्याच्या खोलीतला फिलिपिनो सोबती नाताळची गाणी वाजवत होता, आमच्या पेटीवर. बुवांचा चेहरा उतरला. "पयलो सूर माझ्या हातान येवक होयो होतो," म्हणाले. हे म्हणत त्यांनी तो व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला. मग तिसऱ्यांदा. फुटक्या भात्यातून, बोटीच्या इंजिनाच्या घरघरीवर, मोबाईलच्या नखाएवढ्या कर्ण्यातून तो आवाज येत होता. रात्री दहाला मी उठलो तेव्हा बुवा डोळे मिटून नाताळचं गाणं ऐकत होते आणि मांडीवर धुमाळीचा ठेका धरत होते.

विमानाच्या वजनात बसावी म्हणून भाच्यानं वैनींचा न चिकटणारा तवा, मावशीची अत्तरं आणि सगळी चॉकलेटं बोटीवरच वाटून टाकली. मुंबईच्या विमानतळावर खोकं उघडायला लावलं. आत काय? पेटी. कसली पेटी? तपासणाऱ्यानं म्हटलं, वाजवून दाखव. भाच्याला एकच गजर येतो. तो त्यानं तिथे उभ्याउभ्या वाजवला आणि मामाला फोन करून आधी ही बातमी दिली. बुवांचा पहिला सूर दुसऱ्यांदा हुकला.

कोकणकन्या कुडाळला लागली तेव्हा आम्ही पंधरा जण झांजा घेऊन फलाटावर उभे होतो. आमदार येणार असावेत असं वाटून दोन अनोळखी माणसंही रांगेत उभी राहिली. खोकं उतरलं, नारळ फोडला. टेम्पोत बुवा पुढे बसले नाहीत, मागे खोक्याला मिठी मारून बसले. चौक्यापर्यंत रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला "हळू रे!" ऐकू येत होतं.

ओटीवर खोकं उघडलं. काळसर तपकिरी लाकूड, दोन बाजूंना उचलायच्या कड्या, कडेला शाळेच्या बाकांसारखे पोरांनी कोरलेले ओरखडे. आणि प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर कागदाची चिकटवलेली चिठ्ठी, गोल मास्तरी अक्षरात: दो, रे, मी, फा. शाईचा रंग उडून करवंदी झाला होता. मंडळातल्या एकानं नखानं एक चिठ्ठी खरवडायला घेतली, तेव्हा बुवांनी त्याच्या हातावर चापट मारली. भाता दोन ठिकाणी खाल्लेला होता, उंदीर बाईच्या कबुलीप्रमाणेच निघाला. एस.टी.तली तीस वर्षं तिथे कामी आली. ट्यूबचा तुकडा, कातडं, सोल्यूशन. बुवांनी पॅरिसचं पंक्चर काढलं.

सगळे मांडी घालून बसलो. बुवांनी डोळे मिटून हात जोडले, भाता हलवला आणि 'दो' लिहिलेल्या पट्टीवर बोट ठेवलं.

मी थट्टा पुष्कळ केली आहे, पण तो सूर आला तेव्हा कोणी बोललं नाही. मोठा नव्हता तो. ओटीवरून अंगणात गेला, माडाच्या आळ्याशी थांबला असावा. वैनी तांदूळ पाखडत होत्या, त्यांचं सूप हवेतच राहिलं. बुवांनी दुसरी पट्टी दाबली नाही. एकच सूर पाचसहा मिनिटं धरून बसले, आणि बोट उचललं तेव्हा म्हणाले, "सातव्या वर्सा आयकललंय. ह्योच."

सोमवारी देवळात भजन. आणि तिथे घोळ झाला.

साथीला आमची जुनी पेटी ठेवली होती, ती एक पोरगा वाजवत होता. दोन्ही पेट्या एकत्र वाजल्या आणि देवळात गांधीलमाशी शिरल्यासारखा आवाज भरला. तबला लागेना. कोरसची मंडळी चाळीस वर्षांच्या सवयीनं वर, बुवा खाली. गवळणीला दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी पेटीचे सूर लावणारा माणूस बोलावला. त्यानं मोबाईल समोर ठेवला, पट्टी दाबली, काटा डावीकडे. दुसरी, डावीकडे. सगळ्या तेवढ्याच डावीकडे. कारण मला नंतर वाचून सापडलं. फ्रेंच सरकारनं १८५९ साली कायद्यानं स्वर नेमून दिला, 'ला' या स्वराची सेकंदाला ४३५ कंपनं. पुढे जगानं ४४० धरली. दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या साधारण पाचव्या हिश्शानं पॅरिसची जुनी पेटी जगाच्या खाली. एकटी वाजवा, अमृत. दुसऱ्या कोणाबरोबर बसवा, भांडण.

सूर लावणारा म्हणाला, "सोपा आसा. जिभेच्या टोकाक कानस लावतंय, चढतलो." खरंच सोपं असतं ते: जीभ टोकाला खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. बुवांनी दोन्ही हात पेटीवर आडवे टाकले. "पॅरिसच्या जिभेक कानस? आदी तुझ्या जिभेक लावन बघतंय!"

तो माणूस चहा न पिता गेला. बुवांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निर्णय जाहीर केला: पेटी बरोबर आहे, तालुका चढलेला आहे.

तेव्हापासून दर सोमवारी पंधरा मिनिटं तालुका उतरवण्याचं काम चालतं. तबलेवाला गठ्ठ्यांना खालून हातोडी मारून मारून तबला उतरवतो आणि आमच्याकडे बघत नाही. पखवाजवाला कणीक जास्त लावतो. जुन्या पेटीच्या पोराच्या हाती झांज आली. तो माझ्या बाजूला बसतो आणि मुद्दाम माझा धक्का चुकवतो. सप्ताहात शेजारच्या वाडीनं एकत्र बसायला नकार दिला. "आमी ४४० वाले," म्हणाले; कोणीतरी त्यांना आकडा पुरवला होता. बुवांना याचं वाईट वाटत नाही. उलट आता दुसऱ्यांचं भजन ऐकताना ते तोंड वाकडं करून म्हणतात, "चढलेत. सगळेच चढलेत."

बाईला दिलेला शब्द बाकी होता. एका सोमवारी मी मोबाईल खांबाला टेकवून अख्खा अभंग घेतला. मध्येच कोणीतरी दर्शनाला आला, त्यानं सवयीनं घंटा वाजवली, तीही त्यात आली. पुन्हा घ्यायचा बुवांना धीर नव्हता. तसंच पाठवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. आम्ही देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. मी मोठ्यानं वाचलं. "महोदय, मी तीनदा ऐकलं. वर्गात येत असे तोच आवाज. मांजरसुद्धा उठून आलं. आपला आवाज सुंदर आहे, शब्द मला समजले नाहीत. मध्ये जी घंटा वाजते ती वाद्याच्या स्वरात अचूक लागलेली आहे. ती आपण मुद्दाम तशी निवडली आहे का?"

बुवा उठले. आत गेले, घंटेचा लोळा धरून एकदाच वाजवला आणि नाद विरेपर्यंत कान वर करून उभे राहिले. मग घाईनं पेटीवरचं फडकं काढून 'दो' दाबला. पुन्हा घंटा. पुन्हा 'दो'. तबलेवाला पायरीवर बसला होता, त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्या देवळाचा कोण खोटा म्हणतलो? घंटा पयल्यापासून ४३५ ची आसा. तुमीच चढलास!"

मला विचाराल तर घंटेच्या नादात दहा सूर असतात, ज्याला जो हवा तो त्याला सापडतो. पण हे बोलायला मी तोंड उघडलं तेव्हा बुवा बाहेर जाऊन माडाला लावलेली शिडी ओढत आणत होते. त्यांनी ती घंटेखाली उभी केली, चपला काढल्या, खिशातली बॅटरी तोंडात धरली आणि दोन पायऱ्या चढून बॅटरी हातात घेतली.

"म्यानेजर, शिडी घट धर," म्हणाले. "भितर शिक्को कसलो हा बघतंय."